त्रयोदशीची ओहोटी

रायगड जिल्ह्याचा किनारा नकाशावर सलग दिसतो. रस्त्यावर तो तसा नाही. उत्तरेला धरमतरची खाडी, रेवदंड्याला कुंडलिकेची, मुरूडच्या दक्षिणेस राजपुरीची आणि जिल्हा संपतो तिथे सावित्रीची, म्हणजेच बाणकोटची. या चार मोठ्या खाड्यांनी त्याचे तुकडे पाडले आहेत. दोन खाड्यांच्या मधल्या पट्ट्यात डोंगर थेट पाण्यापर्यंत उतरतात आणि दोन टेकड्यांच्या मध्ये जिथे जागा मिळेल तिथे पुळण पसरते. गाडीने निघालेल्या माणसासमोर खाडी आली की दोनच मार्ग उरतात: आत वळून पूल गाठायचा, नाहीतर गाडी बोटीवर चढवायची. रेवसपासून रेड्डीपर्यंत सागरी महामार्ग व्हावा ही कल्पना बॅरिस्टर अ. र. अंतुले यांची. त्यांच्याच मुख्यमंत्रिपदाच्या काळात, १९८१ साली, कुलाबा जिल्ह्याचे नाव रायगड झाले. नाव बदलायला फार काळ लागला नाही; खाड्यांवरच्या पुलांना मात्र दशके लागली आहेत.

हा तुटकपणा प्रवाशाच्या सोयीचा नसला तरी किनाऱ्याच्या फायद्याचा ठरला. मुंबईपासून हाकेच्या अंतरावर असूनही मुरूड ते हरिहरेश्वर हा दक्षिणेकडचा पट्टा बराचसा शाबूत राहिला, त्याचे एक कारण हे. एका दिवसात जंगल, खाडी, पुळण आणि खडक या चारही गोष्टी पाहायच्या तर हाच पट्टा निवडावा लागतो आणि त्यासाठी जीप हे योग्य वाहन आहे. कोकणात जीप म्हणजे कोणतीही उंच, दणकट गाडी. महिंद्राची जुनी कमांडर असो वा आजची बोलेरो. रस्ते अरुंद, वळणे आंधळी, गावातून जाताना दोन्ही बाजूंना वाड्यांचे गडगे. मोठ्या बसला इथे मागे-पुढे करण्यातच दिवस घालवावा लागतो. गावचा चालक असला तर तोच वाटाड्याही होतो, आणि त्याची खरी पारख रस्ता माहीत असण्यावरून होत नाही. निघण्याआधी तो तिथी विचारतो की नाही, यावरून होते.

कोकणातल्या कोळ्यांचा आणि तांडेलांचा एक जुना हिशेब आहे. तिथीचा आकडा घ्यावा आणि त्याची पाऊणपट करावी. जो आकडा येईल त्या वाजता पूर्ण भरती. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणून भरती सहाला. पौर्णिमेला किंवा अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. भरतीनंतर सुमारे सव्वासहा तासांनी ओहोटी आणि तितक्याच वेळाने पुन्हा भरती. हे गणित जमते त्याचे कारण चंद्राच्या चालीत आहे. पृथ्वी स्वतःभोवती एक फेरी पूर्ण करते तोवर चंद्र आपल्या कक्षेत थोडा पुढे सरकलेला असतो. त्याला पुन्हा गाठायला पृथ्वीला सुमारे पन्नास मिनिटे अधिक लागतात, म्हणून भरतीही रोज साधारण पाऊण तासाने मागे पडते. हिशेबात अर्ध्या-एक तासाची चूक राहते. अचूक वेळ हवी तर भारतीय सर्वेक्षण विभागाची भरती-ओहोटीची कोष्टके आहेत. पण दिवस आखायला पाऊणपट पुरते.

पाण्याची उंची किती बदलेल हेही तिथीच सांगते. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास चंद्र-सूर्याची ओढ एका रेषेत येते आणि उधाणाची भरती होते. त्या दिवसांत पाणी चढते उंच आणि ओसरतेही दूर. अष्टमीच्या सुमारास त्या दोन ओढी एकमेकींना छेदतात, तेव्हा भांगाची भरती असते आणि पाण्याची हालचाल मंदावते. आता या पट्ट्यातला सर्वांत अडचणीचा टप्पा पाहू. तो म्हणजे हरिहरेश्वरचा प्रदक्षिणा मार्ग. तो समुद्राच्या पातळीवरच्या खडकातून जातो आणि ओहोटीलाच मोकळा होतो. मुरूडहून सकाळी निघालेली गाडी तिथे पोचते दुपारी चारच्या सुमारास. चारला ओहोटी हवी म्हणजे भरती पावणेदहाला हवी, आणि पावणेदहा ही तेराची पाऊणपट. तिथी निघाली त्रयोदशी. शुद्ध असो वा वद्य, महिन्यातून ती दोनदा येते आणि उधाण जवळ आलेले असल्यामुळे पाणी पुरेसे मागे हटते. एक दिवस अलीकडे वा पलीकडे चालतो. अष्टमीला निघालेल्यांना मात्र हरिहरेश्वरला संध्याकाळी भरती गाठते आणि पायऱ्यांवरून परत फिरावे लागते. सुट्टीचा वार पाहून सहल ठरवण्याची शहरी सवय इथे कामाची नाही.

दिवसाची सुरुवात समुद्रापासून दूर होते, हे थोडे विचित्र वाटेल. मुरूडच्या उत्तरेस, रस्त्याच्या आतल्या बाजूला फणसाडचे अभयारण्य आहे. जंजिऱ्याच्या नवाबाचे हे राखीव शिकारीचे रान. शिकारीसाठी राखले म्हणून तगले, आणि १९८६ साली त्याला अभयारण्याचा दर्जा मिळाला. सुपेगावच्या बाजूने आत शिरता येते. डोंगरउतारावर निमसदाहरित झाडी, वर गवताचे माळ, आणि जागोजागी बारमाही पाण्याच्या जागा. त्यांना इथे गाण म्हणतात, जसे चिखलगाण. उन्हाळ्यात सांबर, भेकर आणि बिबट्या यांचे येणे-जाणे या गाणांभोवतीच असते. पण दिवसाच्या सहलीत प्राणी दिसलाच तर तो शेकरू. राज्यप्राण्याचा मान मिळालेली ही मोठी तांबूस खार सकाळच्या पहिल्या दोन तासांत शेंड्यावरून शेंड्यावर उड्या मारताना दिसते. ऊन चढले की ती घरट्यात नाहीतर फांदीवर पसरून पडते. म्हणून सहाच्या आत निघणे बरे.

फणसाडमध्ये समुद्राशी नाते सांगणारी एक वनस्पती आहे, गारंबी. माणसाच्या मांडीएवढ्या जाड होणाऱ्या या महावेलीच्या शेंगा हातभर लांब असतात आणि बिया चपट्या, चकचकीत, तपकिरी. बीच्या आत पोकळी असते, कवच टणक असते, त्यामुळे ती तरंगते. पावसाळ्यात ओढ्याला लागलेली बी खाडीत येते, खाडीतून समुद्रात जाते आणि महिनोन्महिने वाहत राहूनही रुजण्याची ताकद टिकवून धरते. आफ्रिका आणि आशिया या दोन्ही खंडांच्या किनाऱ्यांवर गारंबी आढळते, यात या तरंगण्याचा वाटा मोठा आहे.

या परिसरातल्या उंच झाडांवर पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची घरटी असत. भारतातून ही गिधाडे विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात झपाट्याने नाहीशी झाली. गुरांना दिले जाणारे डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक मेलेल्या जनावराच्या मांसात राहते आणि ते खाणाऱ्या गिधाडाचे मूत्रपिंड निकामी होते, हे कारण पुढे सिद्ध झाले आणि २००६ साली त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली. रायगडात उरलेल्या गिधाडांसाठी म्हसळा तालुक्यातल्या चिरगावला महाडच्या ‘सिस्केप’ संस्थेने गावकऱ्यांना आणि वनखात्याला बरोबर घेऊन काम उभे केले. चिरगाव या वाटेवर नाही, पण आकाशात रुंद पंखांचा पक्षी घिरट्या घालताना दिसला तर दुर्बीण काढण्याजोगे हे क्षेत्र आहे.

नऊच्या सुमारास गाडी राजपुरीला येते तेव्हा भरती चढत असते. समोरच्या पाण्यातला जंजिरा किल्ला आतून पाहायचा तर त्याला स्वतंत्र दिवस द्यावा, तासाभरात तो उरकणे म्हणजे त्याचा अपमान. धक्क्यावरून पाहिले तरी दोन गोष्टी ध्यानात येतात. एक, महाद्वार अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही. दुसरी, किल्ला आणि किनारा यांच्यातले पाणी फार रुंद नाही. तरीही सिद्दींचा हा किल्ला मराठ्यांच्या हाती कधी आला नाही. १६८२ साली संभाजी महाराजांनी राजपुरीच्या बाजूने समुद्रात भराव घालून किल्ला गाठण्याचा प्रयत्न केला, तो औरंगजेबाच्या फौजांच्या दबावामुळे अर्धवट राहिला. मुरूडसमोर समुद्रात दिसणारा दुसरा किल्ला म्हणजे शिवाजी महाराजांनी बांधलेला पद्मदुर्ग, ऊर्फ कासा. त्याच्या तटावर एक नवल आहे. खाऱ्या वाऱ्याने दगड झिजून आत गेले, पण दोन दगडांमधला चुना तसाच बाहेर डोकावत राहिला. पाषाणापेक्षा चुना टिकला हे ऐकायला उलटे वाटते. दगड असा का झिजतो हे हरिहरेश्वरला नीट पाहता येईल. पावसाळ्यात दोन्ही किल्ल्यांकडे जाणाऱ्या होड्या बंद असतात, आणि एकूणच ही सहल ऑक्टोबर ते मे या काळातली.

राजपुरीच्या खाडीला गाडीने वळसा घालायचा तर म्हसळ्याकडून अर्धा दिवस मोडतो. आगरदांड्याहून दिघीला जाणारी, गाड्या वाहणारी फेरीबोट तेच काम थोड्या वेळात करते. बोटीवरून खाडीच्या काठची खारफुटी दिसते. पाण्याच्या बाजूला चिप्पी आणि कांदळ, थोडी मागे तिवरे. त्यातली पांढरी चिप्पी २०२० साली महाराष्ट्राने राज्याचा कांदळवृक्ष म्हणून जाहीर केली. चिखलात हवा नसते, म्हणून चिप्पी आणि तिवरांची काही मुळे पेन्सिलीसारखी चिखलातून वर येऊन श्वास घेतात. भरतीला ती बुडतात, ओहोटीला उघडी पडतात. कोळंबी, चिंबोऱ्या आणि कित्येक माशांची पिल्ले याच मुळांच्या आडोशाने वाढतात. खाडीतली मासेमारी आणि काठावरची तिवरे यांचा संबंध कोळीवाड्यात कुणाला समजावून सांगावा लागत नाही.

दिघीहून दिवेआगर जवळ आहे. तिथे पोचेपर्यंत दुपारचे बारा वाजतात, पाणी ओसरत असते आणि पुळण पाहायला हीच वेळ उत्तम. गाडी गावातच ठेवावी. पुळणीवर जीप पळवण्याचा मोह अनेकांना होतो, आणि भरती आल्यावर ट्रॅक्टर लावून गाड्या ओढून काढाव्या लागतात. पण खरा प्रश्न रुतलेल्या गाडीचा नाही, चाकाखाली जे जाते त्याचा आहे. ओल्या वाळूवर हजारो बारीक गोळ्यांची नक्षी असते. नखाएवढे खेकडे ओहोटी लागताच बिळातून बाहेर येतात, वाळूच्या कणांवरचे सूक्ष्म अन्न चाटून घेतात आणि स्वच्छ केलेल्या वाळूची गोळी बाजूला टाकतात. भरतीच्या पहिल्या लाटेबरोबर सारी नक्षी पुसली जाते आणि पुढच्या ओहोटीला ती पुन्हा मांडली जाते. या खेकड्यांना टिपायला चिखले, तुतवार यांसारखे पाणकाठचे पक्षी येतात. यांतले बरेचसे हिवाळी पाहुणे, उत्तर आशियातून आलेले. लाटांच्या रेषेवर कुरव आणि सुरय यांचे थवे बसतात. समुद्री गरुडही या पट्ट्यात आहे. किनाऱ्याजवळच्या उंच झाडावर तो घरटे करतो आणि तेच घरटे वर्षानुवर्षे डागडुजी करून वापरतो.

वाळूचा रंगही पाहण्यासारखा असतो. हा सारा प्रदेश दख्खनच्या ज्वालामुखींतून सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहिलेल्या लाव्ह्याचा, म्हणजे काळ्या पाषाणाचा, बेसाल्टचा. या खडकात गारगोटी जवळजवळ नसते, त्यामुळे त्याच्यातून पांढरी वाळू मिळत नाही. पुळणीतला फिकटपणा मुख्यतः शंखशिंपल्यांच्या चुऱ्याचा. लाटांनी वाळू पाखडली की मधूनच काळे पट्टे उमटतात, ते लोहयुक्त जड कणांचे. साधा लोहचुंबक फिरवला तर त्याला मिशा फुटतात.

कोरड्या वाळूच्या वरच्या बाजूला मर्यादवेल पसरलेली असते. जांभळी फुले आणि आपट्यासारखी दुभंगलेली पाने ही तिची ओळख. समुद्राची मर्यादा दाखवणारी ही वेल वाळू बांधून ठेवते आणि तिच्या मागे वाळूचा बांध साचत जातो. त्यामागे सुरूचे बन. सुरू इथला नव्हे. वारा अडवण्यासाठी लावलेले हे परदेशी झाड आता कोकणच्या चित्रात इतके बसले आहे की त्याच्याशिवाय पुळण ओकीबोकी वाटते.

मर्यादवेल आणि भरतीची रेषा यांच्यामधल्या अरुंद पट्टीत ऑलिव्ह रिडले कासवांच्या माद्या अंडी घालतात. दिवेआगर, श्रीवर्धन, मारळ आणि हरिहरेश्वर या रायगडातल्या विणीच्या पुळणी. नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत रात्री मादी वर येते, मागच्या वल्ह्यांनी सुरईच्या आकाराचा खड्डा खणते, शंभराच्या आसपास अंडी घालते, खड्डा बुजवते आणि समुद्रात परतते. पिल्लांची आणि तिची पुन्हा गाठ पडत नाही. अंडी उबवण्याचे काम वाळूच करते, पन्नास-पंचावन्न दिवसांत. आणि पिल्लू नर होणार की मादी हेही वाळूच ठरवते. वाळू थोडी थंड असली तर नर अधिक, ऊबदार असली तर माद्या अधिक. दोहोंमधला फरक दोन-तीन अंशांचाच, त्यामुळे तापत्या हवामानाची चिंता इथे आकड्यांत मोजता येते. कोल्हे, कुत्री आणि पूर्वी माणसेही ही अंडी पळवत. आता कासवमित्र म्हणून नेमलेले गावकरी पहाटे पावलांचा माग काढतात आणि अंडी कुंपण घातलेल्या उबवणी केंद्रात त्याच खोलीवर पुन्हा पुरतात. जाळ्यात अडकलेले कासव सोडवताना जाळे कापावे लागले तर मच्छीमाराला भरपाई देण्याची योजनाही राज्याच्या कांदळवन कक्षाने आणली. दयेच्या आवाहनांपेक्षा या योजनेने अधिक काम केले असावे, कारण जाळे हे कोळ्याचे भांडवल असते.

गावाच्या बाजूला वळले की सुपारी आणि नारळ यांच्या वाड्या लागतात. दिवेआगर जुने आहे. इथे सापडलेला शके ९८२ चा, म्हणजे इ.स. १०६० चा ताम्रपट मराठीतल्या अगदी आरंभीच्या लेखांपैकी एक मानला जातो. नव्या काळात गावाचे नाव झाले ते १९९७ साली एका बागेत सापडलेल्या सोन्याच्या गणेशमुखवट्यामुळे. २०१२ मध्ये त्यावर दरोडा पडला, दोन रखवालदार मारले गेले. २०२१ मध्ये मुखवट्याची पुन्हा प्रतिष्ठापना झाली. वाड्यांवरचा दरोडा मात्र वाऱ्याने घातला. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आले, ताशी ११० ते १२० किलोमीटर वेगाचे वारे घेऊन. सुपारीची सडपातळ झाडे रांगाच्या रांगा मोडली, सुरूची बने आडवी झाली. भात बुडाले तर पुढच्या वर्षी येते. सुपारीचे रोप लावल्यापासून चांगले उत्पन्न यायला सात-आठ वर्षे जातात. वाडीत आज सारख्या उंचीची कोवळी झाडे दिसली तर त्यांचे वय वादळापासून मोजावे.

जेवण उरकून दोनच्या आत निघावे. दिवेआगर ते श्रीवर्धन हा किनाऱ्यालगतचा रस्ता आरावी, शेखाडी, कोंडविल अशा गावांवरून जातो आणि बराच वेळ समुद्र उजव्या हाताला अगदी खाली असतो. कोकणातल्या देखण्या रस्त्यांत त्याची गणना होते ती योग्यच आहे. वळणावर गाडी थांबवून खाली पाहिले तर लाटा खडकाच्या टोकांवर आदळताना आणि मधल्या लहान पुळणींवर पसरताना एकाच वेळी दिसतात. लाट भूशिरांवर जोर एकवटते, ती झिजवते. झिजलेला माल आडोशाच्या कोपऱ्यात साठवते. या किनाऱ्याची सारी घडण या दोन क्रियांत आली. आड वळणाच्या या जागांना एक काळी बाजूही आहे. १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोटांत वापरलेली स्फोटके शेखाडी इथेच उतरवली गेली होती.

श्रीवर्धन हे भट घराण्यातले पहिले पेशवे बाळाजी विश्वनाथ यांचे गाव. कोकण कृषी विद्यापीठाचे सुपारी संशोधन केंद्रही इथे आहे, आणि ‘श्रीवर्धनी रोठा’ ही इथली टपोरी सुपारी बाजारात नाव राखून आहे. त्रयोदशीच्या गाडीला इथे चहापुरतेच थांबता येते.

हरिहरेश्वरला गाडी देवळापाशी सोडावी लागते. हरिहरेश्वर आणि काळभैरव यांची देवळे टेकडीच्या पायथ्याशी आहेत. टेकडीवर चढून पलीकडच्या अंगाला दोन कड्यांच्या फटीतून पायऱ्या उतरल्या की समोर खडकाचा रुंद, जवळजवळ सपाट ओटा येतो. प्रदक्षिणा त्याच्यावरून. हा ओटा लाटांनीच कापला आहे. भरतीच्या लाटा कड्याच्या पायथ्याशी आदळतात, तिथे खाच पडते, खाच खोल गेली की वरचा कडा ढासळतो, ढासळलेले दगड लाटा फिरवून बारीक करतात आणि पुन्हा पायथ्याशी भिडतात. कडा असा मागे मागे हटत जातो आणि त्याच्या पुढे त्याचे जोते तेवढे उरते. त्यातल्या खळग्यांत अडकलेल्या पाण्यात समुद्रफुले, शंख, इवले मासे आणि दुसऱ्याच्या शंखात राहणारे खेकडे सापडतात. खडकाला चिकटलेल्या कालवांची धार चाकूसारखी असते, अनवाणी प्रदक्षिणा करणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

कड्याच्या अंगावर मात्र लाटेचे नव्हे, मिठाचे काम दिसते. खडकावर मधमाशांच्या पोळ्यासारखी जाळी पडलेली आहे. खोल खोबण्या आणि त्यांच्यामध्ये पातळ भिंती. लाटांचे तुषार दगडाच्या बारीक छिद्रांत शिरतात, उन्हाने पाणी उडून जाते आणि मागे राहिलेल्या मिठाचे स्फटिक वाढतात. वाढताना ते कण कणापासून सुटा करतात. एकदा खड्डा पडला की तो सावलीत येतो, ओल धरून ठेवतो, तिथे मीठ अधिक साचते आणि खड्डा आणखी खोल होतो. कोरडी राहणारी भिंत मागे राहते. पद्मदुर्गाच्या तटावर दगड खाऊन टाकणारे ते हेच मीठ.

ओहोटीच्या आधीचा एक आणि नंतरचा एक असे साधारण दोन तास या खडकावर घालवता येतात. पाणी वळल्यावर ते संथपणे चढत नाही. पाच-सहा लहान लाटांनंतर एक मोठी येते, ओट्याच्या कडेवर फुटते आणि परतताना शेवाळावर उभ्या माणसाचे पाय ओढते. इथे माणसे वाहून गेली आहेत, बहुतेक वेळा कडेला उभे राहून फोटो काढताना. स्थानिक माणूस हात करून मागे बोलावत असेल तर वाद घालू नये.

टेकडीच्या दक्षिणेला सावित्री समुद्राला मिळते आणि पलीकडच्या तीरावर बाणकोटचा किल्ला दिसतो. तो रत्नागिरी जिल्हा. परतीसाठी म्हसळा, माणगावमार्गे मुंबई-गोवा महामार्ग गाठता येतो आणि माणगावला कोकण रेल्वेचे स्थानक आहे. मुक्काम करणाऱ्यांना दुसऱ्या दिवशी बागमांडल्याहून फेरीबोटीने वेश्वीला उतरून वेळासला जाता येईल. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ साली कासवसंवर्धनाचे काम सुरू केले ते याच गावातून. फेब्रुवारी-मार्चच्या दिवसांत तिथे पिल्ले समुद्रात सोडण्याची वेळ सकाळ-संध्याकाळची ठरलेली असते, तिला तिथीचे बंधन नाही.